डब्यावर कोरलेले नाव

वाचकांचे प्रश्न आणि मानसोपचारतज्ज्ञांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाला, म्हणजे जातीवरून किंवा बोलीवरून होणाऱ्या अपमानाने मनाला झालेल्या जखमेला, धरून असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. डब्याचा आणि माठाचा उल्लेख मात्र संबंधितांना विचारून तसाच ठेवला आहे.

प्रश्न : सादर जय भीम. मी ३१ वर्षांची असून अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात अभियंता आहे. मूळ गाव येवला तालुक्यात, वडील एसटीत वाहक होते. कामावर रुजू झाले त्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये मला लागोपाठ तीन प्रश्न विचारले गेले : आडनाव काय, गाव कोणते, आणि गावात घर कोणत्या बाजूला. तिसऱ्या उत्तरानंतर टेबलावरचा विषय बदलला. तेव्हापासून आजपर्यंत मला कोणी उघड शिवी दिलेली नाही. मात्र बढती मिळाली त्या दिवशी एक वरिष्ठ सर्वांसमोर हसत म्हणाले, "आता खासगीतही कोटा आला वाटते." सगळे हसले आणि मीही हसले. माझ्या त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

नोकरी लागली तेव्हा आईने मला स्टीलचा डबा घेऊन दिला आणि भांड्यांच्या दुकानात बसून त्यावर माझे नाव आडनावासह कोरून घेतले. परवा एका नव्या मुलीने "तुमचा डबा ओळखायचा कसा, त्यावर नाव नाही का?" असे विचारले, तेव्हा माझ्या लक्षात आले की कोरलेली बाजू नेहमी माझ्याकडे राहील अशा बेताने मी गेली चार वर्षे तो डबा टेबलावर ठेवत आले आहे. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. साधा ई-मेल पाठवण्यापूर्वी मी तो सात-आठ वेळा वाचते. पहाटे तीनला झोप मोडते. जयंतीला गावी गेले तर चुलत बहिणी "मॅडम आल्या" म्हणून जागा करून देतात, आणि त्यांच्यात बसून काय बोलावे ते मला सुचत नाही. दोन्हीकडे मी पाहुणीच.

गेल्या वर्षी एका समुपदेशकांकडे दोनदा गेले होते. कॅन्टीनमधले सांगितले तेव्हा ते म्हणाले, "जात आता राहिली कुठे? तुम्हीच ती डोक्यात धरून बसला आहात. क्षमा करायला शिका." मी फी दिली आणि पुन्हा गेले नाही. मी आजारी आहे का? की दुबळी आहे? मानसोपचारात नेमके काय करतात, आणि बरे होणे म्हणजे हे सारे विसरणे का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : जय भीम. तुमचे पत्र हाताने लिहिलेले आहे आणि त्यात पहिल्या ओळीत तुम्ही 'नमस्कार' लिहून, तो खोडून, 'जय भीम' लिहिले आहे. छापील पानावर ती खाडाखोड दिसणार नाही, परंतु पत्र उघडल्यावर माझी नजर प्रथम तिथेच गेली. समोरचा माणूस कोण असेल, त्याला आपण किती कळू द्यावे आणि कळल्यावर तो कसा वागेल, हा हिशेब तुम्हाला अनोळखी माणसाला पत्र लिहितानाही करावा लागला. दिवसभरात असा हिशेब पन्नास वेळा करणाऱ्या माणसाची झोप पहाटे तीनला मोडत असेल, तर त्यात दुबळेपणा मला दिसत नाही. अखंड पहाऱ्यावर उभे असलेले शरीर थकले आहे, एवढेच दिसते.

आजाराविषयी विचारलेत, तर आपल्या कायद्याने एक गोष्ट स्पष्ट करून ठेवली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ नुसार एखाद्याचा सामाजिक वा आर्थिक दर्जा, त्याचे एखाद्या सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक समूहातले असणे, किंवा भोवतालच्या समाजातल्या रूढ मूल्यांशी त्याचे न जुळणे, यांच्या आधारे त्याला मानसिक आजार आहे असे ठरवता येत नाही. कॅन्टीनमध्ये तुम्ही रमत नाही, याला म्हणूनच कोणी विकार म्हणू शकत नाही. झोप, पोट, भीती आणि सततची तपासणी यांचा त्रास मात्र खरा आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्याला कोणते नाव द्यायचे हे प्रत्यक्ष तपासणीनंतरच ठरेल. पत्रावरून निदान करू नये या मताची मी आहे आणि या सदरात तो नियम पाळते.

निदानांबद्दल एक अडचण मात्र सांगायलाच हवी. आघातानंतरच्या तणावविकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये स्थान मिळाले, आणि त्यामागे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल हे मोठे कारण होते. सैनिक युद्धातून घरी येतो. युद्ध संपलेले असते आणि शरीराला मात्र ते संपल्याचे कळलेले नसते. त्या निदानाच्या नावातला 'नंतरचा' हा शब्द तिथे शोभतो. तुमच्या बाबतीत ती घटना संपलेलीच नाही, कारण सोमवारी सकाळी पुन्हा तेच कॅन्टीन आहे. शिवाय त्या निदानासाठी घटना अत्यंत धोकादायक किंवा भयंकर असावी लागते, आणि हसत मारलेला टोमणा त्या व्याख्येत बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'गुंतागुंतीचा' आघातोत्तर तणाव वेगळा नोंदवला गेला आणि त्यात स्वतःविषयी खोलवर रुजलेली लाज व कमीपणा, तसेच माणसांशी जवळीक साधण्यातली अडचण ही लक्षणे आली. सगळ्या अटी तुम्हाला लागू पडतील असे नाही. मात्र लाज आणि दुरावा ही मनाच्या जखमेची लक्षणे असू शकतात, हे त्यामुळे अधिकृत पुस्तकात आले, आणि 'स्वभावच असा आहे' म्हणून ती झटकून टाकणे थोडे अवघड झाले.

आता त्या समुपदेशकांविषयी. तुम्ही परत गेला नाहीत ते योग्यच केलेत. त्यांच्यावर फार रागावण्याचा अधिकार मला नाही, कारण नवखी असताना हीच चूक मी केलेली आहे. एक विद्यार्थी वसतिगृहात काय चालते ते सांगत होता आणि मी, मोठ्या समजूतदारपणाच्या थाटात, त्याला म्हणाले, "जातीचा विषय क्षणभर बाजूला ठेवून तुझ्याबद्दल बोलू या." तो शांत झाला, वेळ संपेपर्यंत अभ्यासाविषयी बोलला आणि पुढच्या आठवड्यात आला नाही. त्याचा विषय बाजूला ठेवून उरणारा 'तो' मला कुठे सापडणार होता, हे कळायला मला काही वर्षे लागली. आमच्या शिक्षणात हे फारसे शिकवले जात नाही, आणि आमच्या व्यवसायातल्या पुष्कळ जणांना कॅन्टीनमधले ते तीन प्रश्न आयुष्यात कधी कोणी विचारलेले नसतात.

मार्टिनिक बेटावर जन्मलेले कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ फ्रांत्झ फॅनन १९५३ ते १९५६ या काळात फ्रेंच अमलाखालच्या अल्जीरियात, ब्लिदा येथील मनोरुग्णालयात काम करत होते. माणसाचे त्याच्या भोवतालापासूनचे परकेपण दूर करणे हे मनोविकारशास्त्राचे काम असेल, तर ज्या देशात मूळ रहिवाशालाच कायमचे परके ठरवले आहे तिथे ते काम करायचे कसे, असा प्रश्न त्यांनी राजीनाम्याच्या पत्रात उभा केला आणि ते रुग्णालयातून बाहेर पडले. अल्जीरियाची परिस्थिती आपल्याला जशीच्या तशी लागू करू नये. परंतु रुग्णाला अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवणारा उपचार हा उपचारच नव्हे, हे त्यांचे म्हणणे मला अंबडच्या कॅन्टीनपर्यंत पुरते.

मग मानसोपचारात काय करतात? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडलेला तीन टप्प्यांचा क्रम आजही आमच्यापैकी बरेच जण मानतात : आधी सुरक्षितता, नंतर आठवण आणि शोक, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा जोडले जाणे. प्रत्यक्षात हे टप्पे एकमेकांत मिसळतात, कधी मागेही सरकतात, पण घाई कुठे करू नये हे या क्रमावरून कळते. पहिल्या काही भेटींत चांगला उपचारक तुम्हाला सगळे सविस्तर सांगायला लावणार नाही. झोप, जेवण, रविवारची संध्याकाळ यांच्याकडे तो आधी पाहील. पोटात गोळा येतो तेव्हा श्वास कुठे अडतो, खांदे कुठे जातात, हे ओळखायला शिकवील. पाय जमिनीला टेकवून, समोरच्या चार वस्तूंची नावे मनात घेऊन, सावकाश श्वास सोडत 'मी आत्ता माझ्या घरात आहे' हे शरीराला पटवून देण्याचा सराव करून घेईल. हे ऐकायला पोरकट वाटते. परंतु सतत सावध राहिलेल्या शरीराला शब्दांनी समजावता येत नाही. त्याला त्याच्याच भाषेत सांगावे लागते.

दुसऱ्या टप्प्यात तुमचा डबा येईल. माझ्याकडे आलात, तर मी बढतीच्या प्रसंगाआधी डब्यापासून सुरुवात करीन, आणि शक्य असेल तर तो सोबत घेऊन या म्हणेन. आई दुकानात बसली होती तेव्हा तुम्ही कुठे होता? कोरणाऱ्याला आडनाव सांगताना आईचा आवाज कसा होता? ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे उमटत गेली तेव्हा काय वाटले? ज्या दिवशी प्रथम ती बाजू स्वतःकडे वळवलीत, त्या दिवशी टेबलावर कोण होते? या प्रश्नांची उत्तरे देताना बहुतेक माणसे रडतात. ते रडणे चार वर्षे तुंबलेले असते आणि त्यात स्वतःविषयीच्या दुःखाबरोबर आईविषयीची अपराधी भावनाही असते. तिने अभिमानाने कोरून घेतलेले नाव आपण लपवले, ही टोचणी तुमच्या पत्रातल्या इतर कोणत्याही गोष्टीहून खोल असावी असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या.

याच टप्प्यावर विचारांची तपासणी होते, आणि इथे उपचारकाचे कौशल्य पणाला लागते. विचार-वर्तन उपचारात रुग्णाच्या त्रासदायक विचाराला पुरावा मागण्याची पद्धत आहे आणि ती उपयोगी आहे. पण ती कोणत्या विचाराला लावायची हे कळायला हवे. 'त्यांनी माझे आडनाव कळल्यावर विषय बदलला' हे तुमचे निरीक्षण आहे. 'तसेच होते कशावरून, ते सहजच असेल' असे म्हणून उपचारक त्याच्यावर शंका घेऊ लागला, तर तो नकळत त्या टेबलावरच जाऊन बसतो. 'म्हणून मी इथे बसण्याच्या लायकीची नाही' हा मात्र तुमच्या मनात बाहेरून येऊन राहिलेला निष्कर्ष आहे, आणि पुरावा मागायचा तो त्याच्याकडे. ई-मेल सात वेळा वाचणे हे त्या निष्कर्षाचे रोजचे काम आहे : एकही चूक सापडता कामा नये, कारण इतरांची चूक त्यांची एकट्याची असते आणि आपली चूक साऱ्या समाजाच्या नावावर लिहिली जाते. तुमच्या हसण्याकडेही मी असेच पाहीन. दहा जणांसमोर, बढती हातात असताना, दोन सेकंदांत निवड करायची होती. शरीराने त्या क्षणी जो मार्ग सुरक्षित वाटला तो घेतला. त्या प्रसंगात लाज वाटायला हवी असे कोणी असेल, तर ते वाक्य बोलणारे वरिष्ठ आणि आपल्या पगारावर काहीही आच येणार नसताना हसलेले इतर.

तीव्र आघात असेल तर विशिष्ट पद्धतीही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर तणावासाठी आघात-केंद्रित विचार-वर्तन उपचार आणि डोळ्यांच्या लयबद्ध हालचालींचा आधार घेणारा ईएमडीआर हा उपचार, अशा दोन्हींची शिफारस केली. तुम्हाला त्यांची गरज आहे का, ते तपासणीत ठरेल. झोप फारच बिघडली असेल तर मनोविकारतज्ज्ञ काही काळ औषध देतील. त्यात कमीपणा मानू नये आणि औषधाने कॅन्टीन बदलेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

दुराव्याविषयी तुम्ही थोडेच लिहिले आहे, पण मला तोच भाग अधिक अवघड वाटतो. कार्यालयातले परकेपण दुसऱ्यांनी लादलेले आहे. गावातले परकेपण मात्र आपलीच माणसे प्रेमाने जागा करून देताना जाणवते आणि म्हणून ते कोणाला सांगताही येत नाही. 'मॅडम' या शब्दात थट्टा आहे, कौतुक आहे आणि 'तू आता आम्हाला विसरशील' अशी भीतीही आहे. यावर एकट्याच्या सत्रात मर्यादितच काम होते. समान अनुभवाच्या पाच-सहा जणांचा गट एका जाणत्या उपचारकाबरोबर नियमित बसतो, तेव्हा कोणीतरी सहज म्हणते, "मी तर लग्नाच्या पत्रिकेवर आडनाव बारीक अक्षरात छापून घेतले," आणि सगळे हसतात. त्या हसण्याने बढतीच्या दिवशीच्या हसण्याची धार थोडी कमी होते. नाशिकमध्ये असे गट फार नाहीत, हे खरे आहे. तोवर गावी गेलात की जयंतीच्या मंडपात बसण्याऐवजी एखाद्या बहिणीबरोबर भाकऱ्या थापायला बसा आणि तिला, मॅडम न होता, डब्याची गोष्ट सांगा. तिच्याकडेही अशीच एखादी गोष्ट असण्याची शक्यता फार आहे.

क्षमेविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्याने माफी मागितलेली नाही आणि जो उद्या पुन्हा तेच करू शकतो, त्याला क्षमा करणे ही बरे होण्याची अट असू शकत नाही. उपचारांनंतर कोणी क्षमा करते, कोणी तक्रार करते, कोणी नोकरी बदलते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी आपल्याच शहरात सुरू झाला, आणि मंदिराचे दार उघडण्याची वाट पाहत वर्षे काढल्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तुमच्याच तालुक्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी तो धर्मच सोडण्याची घोषणा केली. थांबून झगडणे आणि निघून जाणे हे दोन्ही विचारपूर्वक घेतलेले निर्णय असू शकतात, हे येवल्याच्या मुलीला मी वेगळे सांगायला नको. तक्रारीचा विचार असेल तर तारीख, स्थळ, बोललेले शब्द आणि हजर माणसे यांची नोंद वहीत करून ठेवा. चारचौघांत जातीवरून केलेला हेतुपुरस्सर अपमान १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येतो; मात्र धर्मांतरित बौद्ध म्हणून दाखल्यावर नोंद काय आहे आणि त्या वाक्याचे कायदेशीर वजन किती, हे वकिलांना विचारा. तो निर्णय उपचारकाने तुमच्या वतीने घेऊ नये आणि तुम्हाला त्यापासून परावृत्तही करू नये.

पुन्हा जाल तेव्हा पहिल्याच भेटीत सरळ विचारा : "जातीच्या अनुभवांविषयी तुम्ही लोकांबरोबर काम केले आहे का?" ज्यांनी केलेले नाही पण शिकायची तयारी आहे, ते तसे सांगतील, ज्यांना हा प्रश्नच खटकेल, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. उपचारक आपल्याच समाजातला असावा का, असेही वाचक विचारतात. असल्यास पुष्कळ गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत, परंतु 'आमच्यातच कळेल' या भीतीने काही जण तिथे उलट मोकळे होत नाहीत. तुम्ही काय ते ठरवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते पाहा. खासगी फी परवडत नसेल तर त्र्यंबक रस्त्यावरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तुम्ही सांगितलेले गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने तुम्हाला दिलेला आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद त्याला आहेत, आणि कंपनीचे मनुष्यबळ खाते त्यांत बसत नाही.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. माझा धाकटा भाऊ नाशिकच्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहतो. दिवाळीला घरी आला तो परत गेलेला नाही. दिवसभर झोपून असतो. वर्गात त्याच्या बोलण्याची नक्कल करत, आणि डब्यातल्या नागलीच्या भाकरीला मुले 'डांबर' म्हणत, एवढे त्याच्या मित्राकडून कळले. आता तो आजीशीही कोकणा बोलीत बोलत नाही. ती बोलली की पुस्तकी मराठीत उत्तर देतो. आमच्याकडच्या डोंगऱ्या देवाच्या व्रतालाही या वर्षी बसला नाही. आईने त्याला भगताकडे नेले. ते चुकले का? आणि आमची बोली न येणारा डॉक्टर त्याला काय समजणार?
— एक मोठा भाऊ

उत्तर : सर्वांत आधी एक काम आजच करा. भावाजवळ एकटे बसा आणि त्याला सरळ शब्दांत विचारा, "जगू नये असे कधी वाटते का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट, कोणीतरी विचारले याने पुष्कळदा जीव हलका होतो. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिलला घेऊन जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो; रात्रीबेरात्री तुम्हालाच काय करावे कळेनासे झाले, तर तुम्हीही त्यावर बोलू शकता.

भगताकडे नेले याचा अपराध आईला वाटू देऊ नका. भगताने त्याला मारले, उपाशी ठेवले किंवा धूर दिला असेल तर ते थांबवाच. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा आहे. पण चार माणसे जमली, त्याच्यासाठी काही केले, एवढेच झाले असेल तर त्यात हरकत घेण्यासारखे मला काही दिसत नाही, फक्त त्यामुळे डॉक्टरकडे जाणे लांबू नये.

बोलीचा तुमचा प्रश्न मात्र वरवरचा नाही. त्याने आजीशी बोली सोडली, कारण ज्या आवाजाची नक्कल झाली तो आवाज आता त्याला स्वतःच्याच तोंडात नकोसा झाला आहे. वर्गात त्याला कमी लेखले गेले ती एक इजा. आता तो आजीकडे त्या मुलांच्या डोळ्यांनी पाहू लागला आहे, ही दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा खोल जाते. कोकणा बोली येणारा उपचारक मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला, तर ज्याला बोली येत नाही पण जो "हे तुमच्याकडे कसे म्हणतात?" असे विचारतो, अडखळत तो शब्द उच्चारतो आणि भावाकडून सुधारून घेतो, तो चालेल. उपचाराच्या खोलीत काही काळ भाऊ शिक्षक आणि डॉक्टर विद्यार्थी झाला, तर ते मला कित्येक तंत्रांपेक्षा मोलाचे वाटते. दुभाष्या म्हणून तुम्ही आत बसू नका. थोरल्या भावासमोर त्याला बोलता येणार नाही.

घरी त्याला "बोलीत बोल" असा आग्रह करू नका, देवाला बसण्याचाही नको. आजीने मात्र तिच्या भाषेतच बोलत राहावे. तो मराठीत उत्तर देईल, देऊ द्या. महाविद्यालयात परत जायचे की नाही हे आत्ता ठरवण्याची गरज नाही, परंतु तुम्ही शिक्षक आहात तेव्हा त्याच्या प्राचार्यांना लेखी पत्र तुम्हीच द्या, मुलांची नक्कल आणि तो 'डांबर' शब्द त्यात जसाच्या तसा लिहा, आणि पत्राची पोच घ्या. ते पत्र भावाला वाचून दाखवा. कोणीतरी त्याच्या वतीने उभे राहिले हे त्याला कळले पाहिजे.

प्रश्न : माझे लग्न आंतरजातीय आहे. पत्नी सुशिक्षित आणि समंजस आहे. आई ७४ वर्षांची, जुन्या वळणाची, पण तोंडाने कधी वावगे बोलत नाही. फक्त पत्नीने भरलेला पिण्याच्या पाण्याचा माठ ती "आज नळाला गढूळ आले होते" असे म्हणून ओतून टाकते आणि पुन्हा भरते. पत्नी सहा वर्षे गप्प होती. आता तिला घाबरल्यासारखे होते आणि ती मानसोपचार घेणार म्हणते. माझी हरकत नाही. आईचे वय पाहता हे मनावर घेऊ नये असे तज्ज्ञांनीच तिला समजावले तर बरे होईल. तशी विनंती आधी फोन करून करता येते का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : करता येत नाही. आणि कोणी तज्ज्ञ ती मान्य करत असेल, तर पत्नीला त्याच्याकडे पाठवू नका.

तुमच्या पत्नीने उपचार जरूर घ्यावेत. सहा वर्षे रोज एका हंड्याएवढा अपमान गिळल्यावर छातीत धडधडणे स्वाभाविक आहे आणि ते कमी करता येते. परंतु तिचे सत्र आठवड्यातून एकदा पन्नास मिनिटे असणार आणि माठ रोज ओतला जाणार. आईंच्या वयाचे कारण मला पटत नाही, कारण 'गढूळ पाणी' ही सबब शोधण्याइतकी त्यांची जाण शाबूत आहे. आपण करतो ते उघड बोलण्यासारखे नाही, हे त्यांना कळते. पत्नीच्या मौनाचे तुम्ही कौतुक केले आहे, पण स्वतःच्या मौनाबद्दल पत्रात एक ओळ नाही. या सहा वर्षांत तिला सर्वांत जास्त एकटे कशाने पाडले, असे तिला विचाराल तर उत्तर कदाचित आईंपाशी थांबणार नाही.

तिच्या पहिल्या भेटीला तिची इच्छा असेल तर सोबत जा आणि बोलावले तरच आत जा. घरात मात्र वाट पाहू नका. उद्या पत्नीने माठ भरला की स्वयंपाकघरात थांबा, आणि आई तो उचलू लागल्या की आवाज न चढवता म्हणा, "राहू दे आई, मला त्यातलेच प्यायचे आहे," आणि पेला भरून तिथेच प्या. परवाही थांबा.